सूज उतरली म्हणजे सांधा बरा झाला का? मैदानावरच्या हाडासांध्यांच्या दुखापती

लालमाती

शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात आणि संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर मुले घडवण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. या काळात मुरगळलेले घोटे, निखळलेले खांदे आणि मोडलेली बोटे इतकी पाहिली, की दुखापत ओळखण्याची नजर आपल्याला आली आहे असे मी धरून चाललो होतो. गेल्या वर्षी एका मुलाच्या गुडघ्याने तो समज खोटा ठरवला. त्यात माझी स्वतःची चूक होती, म्हणूनच हा धागा काढत आहे.

मुलगा सतरा वर्षांचा, चढाईत अतिशय चपळ. सराव सामन्यात बोनस रेषेवर पाय टाकून तो मागे वळला, तेव्हा पाऊल मॅटवर रुतल्यासारखे जागीच राहिले आणि अंग मात्र फिरले. त्या क्षणी त्याला कोणीही धरलेले नव्हते. आत काहीतरी "कट्" करून वाजले, असे त्याने लगेच सांगितले. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. आम्ही बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, त्यात हाड शाबूत दिसले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नंतर घरच्यांनी त्याला पंचक्रोशीत नाव असलेल्या एका हाडवैद्याकडे नेले. तिथे गुडघा ओढून, चोळून त्यावर लेप बांधण्यात आला.

तीन आठवड्यांत सूज उतरली. मुलगा सरळ चालू लागला, जिना चढू लागला. पाचव्या आठवड्यात निवड चाचणी होती. मी त्याला विचारले, "दुखतंय का रे?" तो म्हणाला, "नाही सर." एवढ्या एका प्रश्नावर मी त्याला मैदानात उतरवले. तिसऱ्या चढाईत कोणाचा धक्काही न लागता गुडघा पुन्हा सटकला. या वेळी एमआरआय झाला. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे मधले लिगामेंट, पूर्ण तुटलेला होता आणि आतली गादीही फाटलेली होती. लिगामेंट पहिल्याच दिवशी तुटले असावे आणि गादीची फाट बहुधा दुसऱ्या वेळची असावी, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे ती दुसरी दुखापत टाळता आली असती.

इथे अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, खेळाडू आणि खेळाडूंचे पालकही आहेत. गावातल्या मैदानावर डॉक्टर नसतो, असतो तो माझ्यासारखा शिक्षक. त्याने काय ओळखावे, काय मुळीच करू नये आणि मुलाला पुन्हा केव्हा खेळू द्यावे, याविषयी कृपया सविस्तर लिहावे.

सांधेजोड

लालमाती सर, स्वतःची चूक इतक्या स्पष्टपणे मांडल्याबद्दल आपले आभार मानतो, कारण हाच क्रम मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या तरुण रुग्णांत कबड्डी, फुटबॉल व कुस्ती खेळणारे बरेच असतात.

आपण वर्णन केलेल्या प्रसंगात निदानाच्या तीन खुणा पहिल्याच दिवशी हजर होत्या. पाऊल रोवलेले असताना अंग वळणे ही पहिली, आत आवाज होणे ही दुसरी आणि दोन तासांत सूज येणे ही तिसरी. एसीएल हा गुडघ्याच्या मधोमध असलेला अस्थिबंध (लिगामेंट) नडगीच्या हाडाला मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला पीळ पडू लागला की त्याला आवर घालतो. धावता धावता एकाएकी थांबताना, दिशा बदलताना किंवा उडी मारून एका पायावर उतरताना तो तुटतो, आणि बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याचा स्पर्शही झालेला नसतो. तुटलेल्या अस्थिबंधातून सांध्यात रक्त साचते, म्हणून सूज काही तासांतच येते. केवळ गादी फाटली असेल, तर सूज सहसा रात्रीतून किंवा दुसऱ्या दिवशी हळूहळू चढते. हा फरक लक्षात ठेवला, तर मैदानावरचा शिक्षकही पुष्कळ काही ओळखू शकतो. काही तासांत टम्म सुजलेला गुडघा हा "मुरगळलेला" गुडघा समजू नये. त्याची तज्ज्ञाकडून तपासणी झालीच पाहिजे. गुडघा अर्धवट वाकून अडकला असेल आणि सरळच होत नसेल, तर गादीचा तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो, आणि अशा वेळी तपासणीला उशीर चालत नाही.

एक्स-रेमुळे मिळालेला दिलासा फसवा होता, कारण एक्स-रेत हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. हाताने करायची एक साधी तपासणी आहे. गुडघा वीस ते तीस अंशांत वाकवून, मांडी एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहायची. अनुभवी हाताला तेवढ्यावरून बहुधा निदान कळते आणि एमआरआय त्याला दुजोरा देतो, शिवाय गादीची व कूर्चेची (सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत आवरणाची) अवस्थाही दाखवतो. पहिल्या काही दिवसांत वेदनेमुळे रुग्ण स्नायू आवळून धरतो व तपासणी नीट होत नाही. त्यामुळे आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासून घेणे आवश्यक असते, आणि नेमकी तीच भेट आपल्याकडे टळते.

आता उपचारांविषयी. एसीएल तुटला की शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, ही समजूत सरसकट खरी नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण व सक्रिय रुग्णांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाची शस्त्रक्रिया लवकर झाली, तर दुसऱ्या गटाला आधी शिस्तबद्ध व्यायामोपचार देऊन गरज पडल्यासच शस्त्रक्रियेचा मार्ग खुला ठेवला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. पाच वर्षांपर्यंत दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्या लोकांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, म्हणजेच उरलेल्या निम्म्यांना ती लागली नाही. मात्र ज्याला कबड्डीसारख्या क्षणोक्षणी दिशा बदलाव्या लागणाऱ्या खेळात परतायचे आहे, ज्याचा गुडघा वारंवार सटकतो किंवा ज्याची गादी शिवता येण्यासारखी फाटलेली आहे, अशा तरुणाला मी शस्त्रक्रियेचाच सल्ला देतो.

या शस्त्रक्रियेत तुटलेला बंध शिवत नाहीत. रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूचा किंवा वाटीखालचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) घेऊन हाडांत बोगदे पाडून नवा बंध बसवतात. इथे एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला कागदावर रेखाटून समजावतो. हा कंडरा बसवला त्या दिवशी जितका मजबूत असतो, तितका तो पुढचे काही महिने राहत नाही. त्याचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असतो, नव्या रक्तवाहिन्या त्यात हळूहळू शिरतात आणि मधल्या काळात तो कमकुवत होऊन मग पुन्हा घडत जातो. नेमक्या याच काळात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मुलाचे दुखणे थांबलेले असते, सूज गेलेली असते आणि त्याला आपण पूर्ण बरे झालो असे मनापासून वाटत असते. वेदना नाहीशी होणे आणि ताकद परत येणे या दोन घटनांमध्ये कित्येक महिन्यांचे अंतर आहे. सर, आपण मुलाला विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, पण तेवढ्या एका प्रश्नावर निर्णय घेता येत नाही.

मधली फळी

डॉक्टर, हाडवैद्याचा उल्लेख झाला आहे म्हणून आमच्या घरातला अनुभव लिहिते. माझा भाचा आठ वर्षांचा असताना शाळेच्या मैदानात पळता पळता पडला आणि त्याने हात टेकला. कोपराच्या वर सूज आली. गावातल्या एका जाणत्या माणसाने हात ओढून बसवला आणि बांबूच्या कामट्या लावून कापडाने घट्ट बांधला. रात्रभर मूल रडत होते. "हाड बसताना दुखायचेच," असे सगळे म्हणत होते. पहाटे माझ्या बहिणीने पाहिले, तर बोटे थंड, निळसर आणि सुजलेली होती. तिने कोणाचेही न ऐकता बांध सोडला आणि थेट जिल्ह्याचे रुग्णालय गाठले. हात वाचला. परंतु तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, की आणखी काही तास गेले असते तर हात कायमचा अधू झाला असता. हे नेमके काय घडते, हे समजून घ्यायला आवडेल.

सांधेजोड

ताई, आपल्या बहिणीने केले ते अगदी योग्य होते, आणि ते प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवे. लहान मूल हात टेकून पडले की कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडते. त्या ठिकाणी हाताची मुख्य रोहिणी आणि मज्जातंतू हाडाला अगदी लगटून जातात. मोडलेल्या हाडाभोवती सूज वाढणारच असते, आणि तिला बाहेरून घट्ट बांधाने आवळले की स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यांतला दाब वाढत जाऊन रक्तपुरवठा थांबतो. स्नायू हा उपास फार काळ सोसू शकत नाहीत. सुमारे सहा तासांनंतर त्यांची कायमची हानी होऊ लागते, पुढे ते आक्रसून बोटे पंज्यासारखी वाकडी होतात आणि ती वाकडीच राहतात.

बांध किंवा प्लास्टर असताना वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, औषधाने थांबेना आणि बोटे हलकेच सरळ केल्यावर मूल किंचाळले, तर तीच धोक्याची घंटा समजावी. बोटे निळी पडेपर्यंत वाट पाहू नये, कारण तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. हे रुग्णालयात घातलेल्या प्लास्टरलाही लागू आहे.

चोळण्याविषयीही लिहितो. कोपराला किंवा मांडीला जबर मार लागल्यावर स्नायूत रक्त साचते. ती जागा सुरुवातीच्या दिवसांत जोराने चोळली, तर स्नायूच्या आतच हाड तयार होऊ लागण्याचा संभव असतो. अशा मालिशीनंतर कोपर नव्वद अंशांत गोठलेली मुले मी पाहिली आहेत. आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप वरून हलक्या हाताने लावला, तर त्याने मोडलेले हाड बिघडत नाही. बिघडते ते ओढण्याने, चोळण्याने आणि आवळण्याने.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि काही हंगाम एका खो-खो संघासोबत काम केले आहे. मैदानावर सर्वांत जास्त दिसणारी दुखापत गुडघ्याची नव्हे, घोट्याची असते. पाऊल आत वळून बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, आणि "मुरगळला आहे, होईल बरा" म्हणून सर्वांत जास्त दुर्लक्षही तिकडेच होते.

हाड मोडले आहे की नाही हे ठरवण्यासाठी कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली काही साधे निकष मांडले, ते आज जगभर वापरले जातात आणि शिक्षकालाही शिकता येतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर, अथवा त्या हाडाच्या मागच्या कडेवर, बोटाने दाबल्यावर हाडातच दुखते का, ते पाहावे. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर करंगळीच्या रेषेत जे हाड उंच लागते, त्याच्या बुंध्याशी आणि पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या माथ्याशी असलेल्या नौकाकृती हाडावरही असेच दाबून पाहावे. दुखापत झाल्याबरोबर आणि नंतर तपासणीच्या वेळीही खेळाडूला चार पावले टाकता येतात का, हे पाहावे, मग ती लंगडत का असेनात. यातले काहीही सदोष आढळले, तर एक्स-रे हवाच. काहीही आढळले नाही, तर मोडण्याची शक्यता फारच कमी असते. मात्र वाढीच्या वयातल्या मुलांबाबत अधिक सावध राहावे. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेचा पट्टा असतो आणि तो अस्थिबंधापेक्षा नाजूक असतो, त्यामुळे मोठ्या माणसाचा बंध जिथे ताणला जातो, तिथे मुलाचा तो पट्टाच सरकू शकतो.

पहिल्या उपचाराबाबतची मतेही गेल्या काही वर्षांत बदलली आहेत. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी 1978 साली मांडले. 2014 साली त्यांनी स्वतःच लिहिले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. आज माझे धोरण असे आहे, की वेदना फार असेल तर पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, लवचीक पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा, आणि हाड शाबूत असल्याची खात्री झाली की दोन-तीन दिवसांतच सोसेल इतके वजन टाकत चालायला लावावे. पहिले दोन-तीन दिवस शेक, मालिश आणि मद्य ही तिन्ही वर्ज्य करावीत.

खरी हयगय यानंतर होते. अस्थिबंधात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे संवेदक असतात. बंध ताणला गेला की तेही बिघडतात, आणि म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. दात घासताना एका पायावर उभे राहणे, मग तेच डोळे मिटून करणे, मग घडी घातलेल्या चादरीवर करणे, असा क्रम मी सहा ते आठ आठवडे देते. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, तरीही दुखणे थांबल्यावर हा व्यायाम चालू ठेवणारे खेळाडू फार थोडे असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खाकीस्वप्न

मी पोलीस भरतीची तयारी करतो. 1600 मीटर धावण्याला 20 गुण असल्यामुळे आम्ही सगळे जण पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. दीड महिन्यापूर्वी मी अंतर एकदम दुप्पट केले. आता उजव्या नडगीवर दुखते. आधी धावल्यानंतर दुखायचे, आता चालतानाही दुखते आणि कधी कधी रात्री जाग येते. एक्स-रेमध्ये काही नाही. अकादमीतले मित्र म्हणतात की नडगी भरली आहे, पळत राहिलास की मोकळी होईल. मी काय करावे?

सांधेजोड

आपण आजपासूनच धावणे थांबवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. इथे तपासल्यावाचून निदान करता येत नाही, तरी एक फरक सांगतो. नडगीच्या आतल्या कडेला खालच्या भागात वीतभर पट्टा दुखत असेल आणि अंग तापल्यावर दुखणे कमी होत असेल, तर तो बहुधा हाडावरच्या आवरणाचा दाह असतो. एका बोटाने दाखवता येईल अशा ठरावीक जागी दुखत असेल, दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल आणि रात्रीही होत असेल, तर तो ताणामुळे हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून एमआरआय करावा लागतो.

ही दुखापत सैनिकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रशियाच्या लष्करातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी 1855 साली लांबलांब संचलनानंतर सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या वेदनादायक सुजेचे वर्णन केले होते. हाड ही जिवंत गोष्ट आहे. ताण वाढला की ते आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग नवा भरते. भरण्याला पोखरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपण अंतर एकदम दुप्पट केले, तेव्हा भरण्याला अवधीच मिळाला नाही. सहा ते आठ आठवडे धावणे बंद ठेवून सायकल किंवा पोहणे चालू ठेवले, तर दम टिकतो आणि यातले बहुतेक तडे भरून येतात. नडगीच्या पुढच्या कडेवरचा तडा मात्र चिवट असतो, आणि तसेच धावत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते. ड जीवनसत्त्व तपासून घ्या आणि पोटभर खा. भरतीच्या तयारीतल्या मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावे. पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि त्याचा परिणाम थेट हाडांवर होतो.

मधली फळी

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि वेगवान गोलंदाजी करतो. तडा पाठीच्या कण्यालाही जातो असे ऐकले आहे. शिवाय त्याच्या एका मित्राच्या बोटाच्या टोकावर चेंडू लागला आणि शेवटचे पेर आता सरळच होत नाही. त्यावर उपाय आहे का?

सांधेजोड

कण्याला तडा जातो, आणि वाढीच्या वयातल्या वेगवान गोलंदाजांमध्ये तो मुळीच दुर्मीळ नाही. चेंडू टाकताना कंबर एकाच वेळी मागे झुकते, बाजूला वाकते आणि पिळली जाते, म्हणून कमरेच्या मणक्याच्या कमानीवर, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, तडा जातो. एका पायावर उभे राहून मागे झुकल्यावर एकाच बाजूला कमरेत दुखत असेल, तर गोलंदाजी थांबवून तपासणी करावी. जसप्रीत बुमराला 2019 साली पाठीच्या अशा तड्यामुळे थांबावे लागले. 2022 साली पाठीने त्याला पुन्हा बाहेर बसवले, मार्च 2023 मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडविरुद्ध परतला. देशाला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्या गोलंदाजालाही जवळजवळ अकरा महिने थांबावे लागले, हे आपल्या मुलाला जरूर सांगा. शाळा, क्लब आणि शिबिर अशा तिन्ही ठिकाणी टाकलेले चेंडू वेगवेगळे मोजले जातात, पण ते पेलणारा कणा एकच असतो. एका वहीत रोजचा आकडा लिहून ठेवावा.

बोटाच्या टोकाला चेंडू लागून शेवटचे पेर लोंबू लागले, तर पेर सरळ करणारा कंडरा तुटलेला असतो. सहा ते आठ आठवडे ते पेर खोळीसारख्या आधारपट्टीत रात्रंदिवस सरळ ठेवले, तर तो शस्त्रक्रियेवाचून बहुधा जुळतो. अट एकच आहे. पट्टी धुण्यासाठी काढतानाही टोक टेबलावर टेकवून सरळ धरावे, कारण ते एकदा जरी वाकले तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. काही आठवडे उलटून गेले असले तरी प्रयत्न करून पाहण्यासारखा असतो.

याच ओघात मनगटाविषयीही लिहितो. हात टेकून पडल्यावर अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी नौकेच्या आकाराचे छोटे हाड मोडलेले आहे असे समजून मनगटाला आधार द्यावा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. या हाडाला रक्त टोकाकडून मुळाकडे उलटे जाते, त्यामुळे मधोमध मोडल्यास मुळाकडचा तुकडा रक्तावाचून राहतो. "मनगट लचकले होते" असे सांगत दोन वर्षांनी येणाऱ्या तरुणांमध्ये हे न जुळलेले हाड मला अनेकदा सापडले आहे.

तालीमकर

आमच्या तालमीत खांदा उतरला की वस्ताद काखेत पाय देऊन हात ओढतात आणि खांदा बसतो. मल्लाला लगेच आराम पडतो. यात गैर काय आहे, हे समजून घ्यायचे आहे. माझा स्वतःचा खांदा एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा उतरला, आणि त्यानंतर तो सहा वेळा उतरला.

सांधेजोड

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या शेवटच्या वाक्यातच आहे. काखेत पाय देऊन ओढण्याची रीत प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखली जाते, इतकी ती जुनी आहे, आणि तिने खांदा बसतो हेही खरे. परंतु खांद्यासोबत हाडाचा तुकडा मोडला असेल, तर ओढण्याने तो आणखी सरकतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेला संवेदना पुरवणारा मज्जातंतू आधीच ताणलेला असेल, तर तो अधिक दुखावतो. म्हणून हात झोळीत बांधून रुग्णालयात जावे, दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का हे आधी पाहावे आणि एक्स-रे काढून मगच खांदा बसवावा.

खांदा बसला म्हणजे उपचार संपले, असेही नाही. पुढच्या बाजूला उतरताना खोबणीच्या काठावरची कूर्चेची कड सुटते, आणि वयाच्या विशीच्या आत पहिल्यांदा खांदा उतरलेल्या, अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या बहुसंख्य मुलांचा खांदा पुन्हा उतरतो. प्रत्येक वेळी खोबणीचे हाड थोडे थोडे झिजते. सुरुवातीला दुर्बिणीतून कड शिवून काम भागते. हाड बरेच झिजल्यावर दुसरीकडचा हाडाचा तुकडा आणून तिथे बसवावा लागतो. आपला खांदा सात वेळा उतरला आहे, तेव्हा सीटी स्कॅन करून हाड किती उरले आहे ते पाहून घ्यावे.

पाऊलवाट

लालमाती सर, आपण मैदानावर परतण्याविषयी विचारले होते, त्याविषयी लिहिते. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतरचा एक अभ्यास मी प्रत्येक खेळाडूला सांगते. नॉर्वे आणि अमेरिका येथील खेळाडूंवरचा हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवले, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले, असे त्यात आढळले. म्हणून नऊ महिने ही माझी किमान मुदत असते, आणि मुदत भरली तरी मोजमाप केल्यावाचून मी होकार देत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांचे अंतर तितकेच हवे, आणि उतरताना गुडघा आत न कलंडता पावलाच्या रेषेत राहायला हवा.

कुस्तीगीर विनेश फोगट हिच्या गुडघ्यावर ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि एका वर्षाने ती पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. तिथे तिच्या वजनाने घात केला, गुडघ्याने नव्हे. बीड जिल्ह्यातला आपला अविनाश साबळे जुलै 2025 मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्याजवळ पडला, त्याचा एसीएल आणि गादी दोन्ही दुखावली, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा त्याने सोडली. स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारा धावपटू थांबतो, तर निवड चाचणीसाठी आपल्या मुलांना आपण थांबवू शकतो.

दुखापत मुळात होऊ नये म्हणूनही काही करता येते. फुटबॉलसाठी तयार केलेला वीस मिनिटांचा एक सराव आहे. त्यात धावणे, एका पायावरचा तोल, मांडीमागच्या स्नायूंचे बळ आणि उडी मारून नीट उतरणे यांचा समावेश असतो. नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या सुमारे 1,900 मुलींवर तो तपासून पाहिला गेला, तेव्हा गंभीर दुखापतींचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते, त्यामुळे मुलींच्या कबड्डी आणि खो-खो संघांनी हा सराव तरी चुकवू नये. वीस मिनिटे मैदानाला चकरा मारून अंग तापवण्यापेक्षा ती याला द्यावीत.

लालमाती

सर्वांचे प्रतिसाद मी छापून शाळेच्या क्रीडा कक्षात लावले आहेत. घोट्याचे निकष मुलांकडून एकमेकांच्या पायांवर दाबून पाठ करून घेतले, आणि कुठल्या हाडावर दाबायचे हे आता सातवीतल्या मुलांनाही अचूक सांगता येते.

आता त्या मुलाविषयी. शस्त्रक्रियेला सात महिने झाले आहेत. गुडघा अजिबात दुखत नाही, सूज नाही, तो दोन किलोमीटर पळतो. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे, वयोगटातले त्याचे हे शेवटचे वर्ष आहे, आणि त्याचे वडील रोज मला विचारतात. पाऊलवाट ताईंनी लिहिल्याप्रमाणे तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टकडून मोजमाप करून घेतले. उड्यांचे अंतर दुसऱ्या पायाच्या 91 टक्के आहे आणि मांडीची ताकद 78 टक्के आहे. उड्या चांगल्या आल्या आहेत, म्हणून एकदा विचारतो.

पाऊलवाट

सर, उडी घोटा आणि कंबर यांच्या जोरावरही लांब जाते, त्यामुळे मांडीची कमतरता तिच्यात झाकली जाते. निर्णय 78 या आकड्यावर घ्यावा. शिवाय नऊ महिनेही झालेले नाहीत. माझे उत्तर नाही असे आहे. उरलेल्या दोन महिन्यांत आठवड्यातून तीनदा, खुर्चीवरून एका पायावर उठणे, पायरीवरून सावकाश उतरणे आणि वजन घेऊन बैठका, हे वाढत्या वजनाने करून घ्या आणि नवव्या महिन्यात पुन्हा मोजा.

सांधेजोड

मीही ताईंशी पूर्ण सहमत आहे. वडिलांना माझ्या वतीने सांगावे, की त्याच गुडघ्यावर दुसऱ्यांदा बंध बसवण्याची शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते आणि तिचे यशही कमी असते. एक चाचणी हुकल्याने जितके नुकसान होईल, त्याहून हे कितीतरी मोठे आहे.

लालमाती

काल संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आलो. डॉक्टरांचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सर, मागच्या वेळी तुम्हीच उतरवलं होतं, आता तुम्हीच थांबवताय, तर ऐकतो." चाचणीच्या यादीत त्याचे नाव घातलेले नाही. तो रोज पाच वाजता मैदानावर येतो, कडेच्या पायरीवर त्याचा व्यायाम करतो आणि नंतर लहान मुलांच्या उड्या पाहून कोणाचा गुडघा उतरताना आत जातो, ते वहीत लिहून ठेवतो. नवव्या महिन्याचे आकडे आले की इथे कळवीन.